उलट्या बेरजेच्या यमुताई

चंद्रभान चरडेनं केलेली चूक इतकी नीटनेटकी होती, की ती करताना त्याला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. (हा इसम लिहिणाऱ्याच्या फारच जवळचा, दोघांची चप्पलही एकच. तेव्हा त्याला सांभाळून घेण्याचा प्रश्न येत नाही.)

साल एकोणऐंशी, महिना फेब्रुवारीचा. चंद्रभान नरखेडच्या नगरपरिषदेच्या शाळेत शिकलेला, नागपुरात एम.एस्सी. झालेला आणि चोविसाव्या वर्षी महाल भागाजवळच्या एका कॉलेजात गणिताचा लेक्चरर म्हणून चिकटलेला. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेन जास्त चालायचं.

त्या शनिवारी सकाळी कॉलेजनं त्याच्यावर एक हमालीचं काम सोपवलं होतं. शहरातल्या एका सरकारी संस्थेत मोठा संगणक होता, आणि कॉलेजला शनिवारी दोन तास तो वापरायला मिळायचा. तिथं बावीस कार्डांची एक गड्डी नेऊन पोचवायची, एवढंच. कार्डं जाड कागदाची, पोस्टकार्डाहून लांब, आणि उंदरानं हिशेबानं कुरतडावं तशी भोकं पाडलेली. एका कार्डावर प्रोग्रामची एक ओळ. गड्डी लावलेली होती फिजिक्सच्या डेमॉन्स्ट्रेटर यमुताई वझलवारांनी.

प्रोग्राम साधा. एक, अधिक एक चतुर्थांश, अधिक एक नवमांश, अधिक एक सोळांश... अशी दहा हजार पदांची बेरीज. चंद्रभाननं संगणक केंद्राच्या बाकावर बसून गड्डी चाळली आणि अकराव्या कार्डाशी थबकला. यमुताईंनी बेरीज शेवटून सुरू केली होती! आधी दहा हजारावं पद, मग नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवावं, आणि असं मागं मागं येत सगळ्यात शेवटी एक. त्यासाठी एक जादा आकडेमोड त्या कार्डावर घातलेली.

‘हे म्हणजे रामटेकला जायला वर्धेची गाडी पकडणं झालं,’ चंद्रभान मनाशी म्हणाला. बेरीज कुठूनही करा, उत्तर तेच. हे त्याला चौथीत कळलं होतं आणि एम.एस्सी.त त्यानं ते सिद्धही केलं होतं. त्यानं केंद्राच्या ऑपरेटरला, बाबारावला, हाक मारली.

“बाबारावभाऊ, एक कार्ड पाडायचं होतं.”

“बाईले इचारलं काय?”

“विचारायचं काय त्यात? बेरीज आहे.”

“मले काय गा,” बाबारावनं पंचिंग मशीनवरचं फडकं काढलं. “मी तं कार्ड घालतो अन् कागद काढतो. पन बाई बिनाकामाचं कार्ड घालत नाही, सांगून ठेवतो.”

चंद्रभाननं नवं कार्ड पाडलं. बेरीज आता सुतासारखी सरळ, एकपासून दहा हजारांपर्यंत. जुनं कार्ड त्यानं वाया जाऊ नये म्हणून खुणेसाठी वहीत घातलं.

अकरा वाजता प्राचार्य आले, गणिताचे विभागप्रमुख मनोहरराव पत्की आले, लुना बाहेर लावून यमुताई आल्या. ही रंगीत तालीम होती. विद्यापीठ संगणकशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम एकाच कॉलेजला देणार होतं, आणि पुढच्या शनिवारी समिती येणार होती. समितीचं म्हणणं एवढंच: आमच्यासमोर एक प्रोग्राम चालवून दाखवा, कॉलेजात कोणाला खरंच काय येतं, ते कळू द्या. कॉलेजनं शिकवणाऱ्यांची यादी केली होती, त्यात पहिलं नाव मनोहररावांचं आणि दुसरं यमुताईंचं. मनोहररावांना संगणक येत नव्हता. पण विभागप्रमुखाला काय येत नाही हे विचारायची आपल्याकडे रीत नाही.

मनोहररावांनी फळ्यावर रीतसर काढलेलं उत्तर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवलं होतं: १.६४४८३४.

यंत्र खडखडलं. दर हजार पदांनंतर एक ओळ छापून येत होती. पहिल्या चार ओळी शहाण्यासारख्या वाढत गेल्या. पाचव्या ओळीत आलं १.६४४७२५. सहाव्या ओळीत १.६४४७२५. सातव्या, आठव्या, नवव्या आणि दहाव्या ओळीतही तेच. बेरीज मध्येच खाली बसली होती, दमलेल्या बैलासारखी, आणि उठायला तयार नव्हती.

मनोहररावांनी चिठ्ठी काढली, चष्मा काढला, चष्मा लावला. “चौथ्या दशांशातच चूक! ही शोभा समितीसमोर?”

प्राचार्य यमुताईंकडे वळले. “वझलवारबाई, प्रोग्राम तुमचाच ना?”

“माझाच,” यमुताई म्हणाल्या, आणि गड्डी हातात घेऊन तिची वरची कड बघत राहिल्या.

सोमवारी सूचनाफलकावर नवी यादी लागली. मनोहररावांचं नाव होतं. यमुताईंचं नव्हतं.

आता ही यादी म्हणजे यमुताईंसाठी काय होती, ते सांगायला हवं. एकोणीस वर्षं त्या डेमॉन्स्ट्रेटर होत्या. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रयोगशाळेत तारा जोडून देणारा आणि तारा तुटल्या की बोलणी खाणारा माणूस. बी.एस्सी.नंतर वडील गेले, एम.एस्सी. पुढं नोकरी करत बाहेरून केलं, क्लास थोडक्यात हुकला. लेक्चररची जागा दर वेळी कोणीतरी नवा पोरगा घेऊन जायचा, आणि त्या पोराला ऑसिलोस्कोप कसा लावायचा ते यमुताईच शिकवायच्या. पदविका आली तर ती चालवणाऱ्याला लेक्चररचं पद मिळणार होतं. तेव्हा ही यादी नव्हतीच, ते एकोणीस वर्षांनी उघडलेलं एक दार होतं.

आणि संगणक त्यांना येत होता, तो कोणी शिकवला म्हणून नव्हे. बाहत्तर साली एका उन्हाळी वर्गात त्यांनी मॅन्युअलचं एक पुस्तक आठ दिवसांसाठी मागून घेतलं आणि आठ दिवसांत ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं उतरवून काढलं. तेव्हापासून दर शनिवारी त्या केंद्रावर जायच्या. घरी यंत्र नाही, कॉलेजात नाही. मग प्रोग्राम आधी चालवून बघायचा कुठं? यमुताईंनी त्यावर वाट्या आणि चिंचोके काढले. प्रयोगशाळेच्या टेबलावर सात वाट्या मांडायच्या, प्रत्येकीवर खडूनं नाव घालायचं, आणि प्रोग्रामची एकेक ओळ वाचत चिंचोके या वाटीतून त्या वाटीत. पोरं हसायची. पण बाबाराव सांगायचा, सात वर्षांत बाईंचं कार्ड यंत्रानं एकदाही परत केलं नाही.

ते पहिल्यांदा परत आलं चंद्रभानच्या हातून. फक्त हे अजून चंद्रभानला माहीत नव्हतं. त्याचा चौथीच्या गणितावर पूर्ण विश्वास होता. त्याच्या मते यंत्रालाच ताप आला असावा.

त्याचे डोळे उघडले ते त्याच आठवड्यात, गुरुवारी, शिवजयंती-महाशिवरात्र असल्या कोणत्याशा सुट्टीला जोडून घेतलेल्या रजेत. संत्र्याचा मृग बहार उतरत होता, म्हणून वडिलांनी, रुपरावांनी, त्याला नरखेडला बोलावून घेतलं होतं. प्रोफेसर असो की कलेक्टर, ट्रक भरताना रुपरावांना दोन हात जास्त लागत. भरलेला ट्रक धर्मकाट्यावर उभा राहिला, काटेवाल्यानं वजन लिहिलं, आणि तेवढ्यात रुपरावांना एक टोपलं मागं राहिलेलं दिसलं. ते त्यांनी वर चढवलं.

“आता सांग.”

काटेवाल्यानं पाहिलं. “तेवढंच.”

“अबे, पाच किलोचं टोपलं टाकलं अन् तेवढंच काहून?”

“रुपरावभाऊ, भरल्या ट्रकवर काट्याले टोपलं समजत नाही गा. पाच किलो त्याच्या हिशेबी हवा हाय.”

“मंग मी टोपलं-टोपलं करूनच सारा माल टाकला असता तं?”

“तं तुमी टाकत राह्यले असते अन् मी तेच लिहत राह्यलो असतो. टोपल्या आधी येगळ्या मोजा, त्याचा ढीग करा, मंग ट्रकसंगं जोडा. बारक्याले बारक्यासंगं, मोठ्याले मोठ्यासंगं. लग्न जमवतेत तसं.”

रुपराव हसले. प्रोफेसर मात्र हातात संत्रा धरून तसाच उभा. त्याच्या डोळ्यांपुढं सहा ओळी नाचत होत्या: १.६४४७२५, १.६४४७२५, १.६४४७२५...

यंत्राला सातच आकडे लक्षात राहतात. सुरुवातीलाच मोठी पदं मिळवून बेरीज ट्रकएवढी झाली, की पुढची बारकी पदं तिच्यापुढं टोपल्यासारखी. चार हजारांच्या जरा पुढं गेल्यावर एकही पद यंत्राला समजलंच नव्हतं. जवळजवळ सहा हजार टोपली हवेत गेली होती! आणि यमुताई? त्यांनी बारक्यांचा ढीग आधी केला होता, ट्रक शेवटी आणला होता. उलटी म्हणून ज्या बेरजेला तो हसला, तीच सुलटी होती.

“काहून गा, दृष्ट लागली काय?” रुपरावांनी विचारलं.

“बाबा, मले आत्ताच्या गाडीनं नागपूरले जा लागते.”

“काहून?”

“एका बाईचं दार लावून आलो मी.”

रुपरावांनी पोराकडं निरखून पाहिलं. दाराचा अर्थ त्यांनी काय लावला कोण जाणे. पण जाताना पिशवीत डझनभर संत्रे मात्र घातले.

शुक्रवारी सकाळी चंद्रभान आधी मनोहररावांकडे गेला. त्यानं बदललेलं कार्ड, ट्रक, टोपलं, सात आकडे, सगळं सांगितलं. मनोहररावांनी शांतपणे ऐकून घेतलं, तेच वाईट होतं.

“म्हणजे चरडे, बेरजेचा क्रम बदलला की बेरीज बदलते?”

“यंत्रात बदलते, सर.”

“वा! आज दोन नि तीन पाच. उद्या तीन नि दोन साडेचार! तुम्ही गणिताचे की बाजार समितीचे?” मग आवाज खाली आणून म्हणाले, “त्या दिवशी यंत्र बिघडलं असेल. तीच गड्डी उद्या चालेल. आणि हे कार्डाचं बोलू नका कोणापाशी. विभागाचं नाव आहे.”

चंद्रभान तिथून सरळ फिजिक्सच्या प्रयोगशाळेत गेला. यमुताई वाट्या पुसत होत्या. त्यानं वहीतून अकरावं कार्ड काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

“ताई, मी.”

यमुताईंनी कार्डाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “तू होय! मला वाटून राहिलं होतं पत्कीसरांनी केलं.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“कार्ड बदललं, एवढं माहीत होतं. कोणी, ते नव्हतं.” त्यांनी कपाटातून दुसरी एक गड्डी काढून त्याला कड दाखवली. वरच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पेन्सिलीची तिरपी रेघ होती. “गड्डी हातातून पडली तर कार्डं पुन्हा क्रमानं लावता यावीत म्हणून मारते मी. शनिवारी पाहिलं तर रेघेत खाच. एक कार्ड परकं.”

“मग तिथंच बोलला का नाहीत?”

“काय बोलू? गणिताच्या विभागप्रमुखांसमोर डेमॉन्स्ट्रेटर बाईनं म्हणायचं, तुमच्या माणसानं घोळ घातला? चंद्रभान, एकोणीस वर्षांत एक शिकले बघ. खरं कोण बोलतं यावर ते खरं आहे का, हे ठरतं.”

चंद्रभानला काट्याला न समजलेलं टोपलं आठवलं. “आज लावून टाकतो कार्ड. कोणाला कळणार नाही.”

“आणि उत्तर बरोबर आलं की ते पत्कीसरांचं!” यमुताई पहिल्यांदाच हसल्या. “नाही रे बाप्पा. चोरून काढलंस, पण चोरून लावायचं नाही. लावायचं तर समितीपुढं.”

“पण ताई, तुमचं तर यादीत नावच नाही. तुम्ही तिथं याल कशा?”

“ते बाबारावला विचार.” त्यांनी कार्ड पुन्हा त्याच्या वहीत सारलं.

बाबारावला विचारायची गरज पडली नाही. शनिवारी समितीचे तिघे, प्राचार्य, मनोहरराव आणि मागोमाग चंद्रभान केंद्रावर पोचले, तेव्हा बाबाराव रजिस्टर उघडून दारात उभा होता.

“सायेब, कॉलेजचा टाइम वझलवारबाईच्या नावानं हाय. सात वर्साच्या सह्या हायेत, पाहून घ्या. ज्याच्या नावानं टाइम, तो माणूस हजर पाह्यजे. नाही तं मी मशीनले हात लावत नाही. नियम हाय.”

“अहो, पण समिती आली आहे!” प्राचार्य म्हणाले.

“मंग तं नियम पाळलाच पाह्यजे.”

समितीचे अध्यक्ष एक वयस्क, थकलेले गृहस्थ होते. आदल्या चार कॉलेजांत त्यांनी चार हार आणि चार नाश्ते सोसले होते. इथं पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जान आली. “बोलवा ना बाईंना.”

बोलवायला कशाला हवं? लुना बाहेर उभीच होती. यमुताई येऊन कार्ड वाचणाऱ्या यंत्राशेजारी स्टुलावर बसल्या.

मनोहररावांनी सुंदर प्रास्ताविक केलं. यंत्र खडखडलं. चार ओळी आल्या आणि पाचवीपासून पुन्हा तोच दमलेला बैल: १.६४४७२५, सहा वेळा.

“हे चुकलं,” अध्यक्ष म्हणाले.

“यंत्रात काही दोष...” मनोहरराव म्हणाले.

“यंत्रात दोष नाही सर,” मागून आवाज आला, आणि तो आपलाच आहे हे चंद्रभानला नंतर कळलं. तो पुढं आला, वही उघडली, कार्ड काढलं. “दोष माझ्यात आहे. मूळ प्रोग्राम यमुताईंचा. त्यातलं अकरावं कार्ड मी त्यांना न विचारता काढलं. मला ते फालतू वाटलं. हे ते कार्ड.”

मनोहररावांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की नोकरीच्या कन्फर्मेशनची फाइल त्याला डोळ्यांपुढं बंद होताना दिसली. पण कार्ड यमुताईंच्या हातात गेलं होतं. त्यांनी ते गड्डीत सारलं, गड्डी टेबलावर ठोकून सरळ केली आणि कड अध्यक्षांकडं वळवली. लाल रेघ पुन्हा सलग झाली होती.

बाबारावनं गड्डी घातली. या वेळी ओळी खालून चढत आल्या, बारीक आकडे, मग मोठे, आणि शेवटी एकदम उडी. दहावी ओळ: १.६४४८३४.

मनोहररावांच्या खिशातल्या चिठ्ठीवरचे आकडे जसेच्या तसे. त्यांनी चिठ्ठी काढली नाही.

अध्यक्ष पुढं झुकले. “बाई, हे का होतं?”

“सर, भरल्या ट्रकवर टोपलं टाकलं तर काट्याला कळत नाही. तरी काटा बरा. दहा टोपली झाली की एकदा तरी हलतो. हे यंत्र तेवढंही करत नाही. जे त्याला दिसलं नाही, ते त्याच्या लेखी आलंच नाही.” ट्रक त्यांना चंद्रभाननं आदल्या दिवशी सांगितला होता, काट्याचा उरलेला अर्धा भाग त्यांचा स्वतःचा होता. “म्हणून बारक्यांना आधी एकत्र करायचं.”

“दहा हजारांऐवजी लाख पदं घेतली तर?”

ही परीक्षा होती, आणि ती सगळ्यांना कळली. यमुताईंनी बाबारावकडून पेन्सिल घेतली. छापील कागदाच्या कोऱ्या बाजूला दोन मिनिटं काहीतरी मांडलं आणि दोन आकडे लिहून कागद अध्यक्षांच्या हातात दिला.

“चरडेंच्या पद्धतीनं लाख काय, दहा लाख घाला, पहिलाच आकडा येईल, १.६४४७२५. माझ्या पद्धतीनं दुसरा. घडी करून ठेवा सर. आता यंत्राला विचारू.”

त्यांनी दोन नवी कार्डं पाडली, अजिबात घाई न करता. प्राचार्य उभे होते ते खाली बसले. बाबारावनं आपल्या मनानंच पंखा बंद केला, जणू पंख्यानं आकडे उडतील. आधी सरळ बेरीज: यंत्र बराच वेळ घुमलं आणि शंभर ओळी ओकून थांबलं. शेवटची १.६४४७२५. मग उलटी. पुन्हा शंभर ओळी. शेवटच्या ओळीवर सगळ्यांची डोकी एकत्र आली.

१.६४४९२४.

अध्यक्षांनी घडी उघडली. १.६४४९२४.

“अबे!” बाबाराव ओरडला, आणि समिती आहे हे आठवून पुढं म्हणाला, “सर.”

अध्यक्षांनी तो कागद परत दिला नाही. घडी करून कोटाच्या खिशात घातला. “बाई, आपण कोणत्या विभागाच्या प्रमुख?”

“मी डेमॉन्स्ट्रेटर आहे सर. फिजिक्स.”

अध्यक्षांनी प्राचार्यांकडं पाहिलं. फक्त पाहिलं. प्राचार्य म्हणाले, “यादीत टायपिंगची चूक राहिलीय सर. दुरुस्त प्रत सोमवारी पाठवतो.”

महिन्याभरानं पत्र आलं. पदविका मंजूर; अट एकच, अभ्यासक्रम श्रीमती वझलवार चालवतील आणि लेक्चरर म्हणून चालवतील. ज्या दिवशी त्यांच्या नावाची पाटी लागली, त्या दिवशी प्रयोगशाळेच्या शिपायानं सातही वाट्या चिंचेनं घासून लखलखीत केल्या. पहिल्या तुकडीत अठरा पोरं आणि एक एकोणिसावा विद्यार्थी: मनोहरराव पत्की. दर शनिवारी चारला पहिल्या बाकावर. पहिल्याच दिवशी त्यांच्या वाटीतले चिंचोके कमी भरले, तेव्हा यमुताई म्हणाल्या, “सर, पुन्हा मोजा. या टोकाकडून.” मनोहररावांनी मुकाट्यानं मोजले. माणूस गर्विष्ठ होता, पण शिकायला लाजला नाही, हे त्याच्या नावावर लिहायलाच हवं. चंद्रभानची कन्फर्मेशनची फाइलही त्यांनीच सही करून पुढं पाठवली.

आता चौऱ्याऐंशी साल आहे. यमुताईंच्या हाताखालून पाच तुकड्या बाहेर पडल्या. गणिताचे चार आणि फिजिक्सचे तीन शिक्षक त्यांच्याकडून शिकून आता स्वतः शिकवतात. त्यात चरडेही आहेत. कॉलेजनं स्वतःचं छोटं यंत्र घेतलं, तेव्हा त्यावर नारळ फोडायचा मान प्राचार्यांनी यमुताईंना दिला. त्यांनी नारळ बाहेर पायरीवर फोडला. पाणी आत नको, म्हणाल्या.

राहिलं एक देणं. समितीच्या त्या दिवशी लुना सुरू करता करता त्यांनी चंद्रभानला थांबवलं होतं.

“हे बघ, मी फिजिक्सवाली. बारक्यापासून मोठ्याकडं गेलं की चूक कमी, हे मला दिसतं. पण कमी म्हणजे जास्तीत जास्त किती, ते दाखवायचं तुम्ही. पक्की सिद्धता, एका पानात. माझ्या एका कार्डाच्या बदल्यात तुझं एक पान.”

“सोमवारी देतो, ताई.”

एक पान! चंद्रभाननं आजवर अकरा पानं भरली आणि अकराही लाल पेनानं स्वतःच खोडली. डझनभर संत्रे नेऊन दिले, ते त्यांनी आनंदानं खाल्ले आणि म्हणाल्या, हे सिद्धतेत धरत नाही. हल्ली तो वर्गावर जाताना त्यांच्या खोलीपुढचा जिना टाळून मागच्या जिन्यानं चढतो. तरी परवा त्या नेमक्या मागच्याच जिन्यानं उतरत होत्या.

“काय रे चंद्रभान, सोमवार झाला का?”

“पुढचा, ताई,” तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेला.